ब्रश कटर: वैरणीला वाघ, भांगलणीला शेळी

दोन म्हशी, एक गाय, चार शेळ्या आणि दोन-अडीच एकर रान. अशा घरात ब्रश कटर घ्यायचं का, हा विषय पहिला पाऊस पडला की निघतोच. दुकानात उत्तर तयार असतं: "एकच मशीन घ्या, वैरण बी कापा आन् भांगलण बी करा." यातलं वैरणीचं खरं आहे. भांगलणीचं ऐकून पैसे टाकलेत तर दसऱ्याच्या आत मशीन माळ्यावर जाईल.

इथे ज्याची पारख केली आहे ते 35 सीसीचं फोर-स्ट्रोक पेट्रोल ब्रश कटर. गावात याला सर्रास ग्रास कटर म्हणतात. या वर्गात माप म्हणून धरायचं इंजिन होंडाचं जीएक्स-35: 35.8 सीसी, मिनिटाला 7000 फेऱ्यांना 1 किलोवॅट, म्हणजे जेमतेम 1.3 हॉर्सपॉवर. बिनओळखीच्या नावांनी येणारी बरीच फोर-स्ट्रोक मशीनं याच घडणीची नक्कल असतात. इंजिनावर '140 एफ' असं दिसलं की समजायचं. नक्कल म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत, सुटे भाग तर उलट सहज आणि स्वस्त मिळतात. पण खोक्यावर '2 एचपी', '3 एचपी' असं छापलेलं असलं तर त्यावर हसून पुढे जा. 35 सीसीतून तीन हॉर्सपॉवर निघत नाही.

टू-स्ट्रोक घ्यायचं का फोर-स्ट्रोक? घरात मशीन चालवणारे हात दोन-तीन असतील तर फोर-स्ट्रोकच. टू-स्ट्रोकला प्रत्येक लिटर पेट्रोलमध्ये 2टी ऑइल मोजून घालावं लागतं, मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे 20, 25 किंवा 40 मिली. एखाद्या दिवशी कोणीतरी साधं पेट्रोल ओततं आणि पिस्टन चिकटतो. फोर-स्ट्रोकला ही भानगड नाही, पण त्याची स्वतःची वेगळी आहे. नवीन मशीन खोक्यातून निघतं तेव्हा त्यात ऑइल नसतं. आधी इंजिनात 10डब्ल्यू-30 ऑइल साधारण 80 ते 100 मिली भरायचं, मगच दोरी ओढायची. जास्त भरलं तरी बिघडतं: मशीन बांधावर तिरकं झालं की ऑइल एअर फिल्टरमध्ये चढतं, पांढरा धूर येतो, फिल्टरचा स्पंज तेलकट होऊन बसतो. पातळी बघताना इंजिन सपाट जागी, थंड आणि आडवं-उभं न कललेलं हवं.

दुसरा प्रश्न खांद्याचं की पाठीवरचं. पाठीवरच्या मशीनचं वजन अंगावर चांगलं बसतं. ताली, उताराचे बांध, कोकणातल्या बागेची बेणणी यासाठी तेच सोयीचं, कारण दांडा हलका राहतो आणि हवा तसा वळतो. पण इंजिन आणि दांडा यांच्यामध्ये लवचिक शाफ्ट असतो आणि या मशीनचं दुखणं तिथेच. काटकोनात वाकवून काम केलं की शाफ्ट तापतो, आतलं ग्रीस वितळतं आणि एक दिवस केबलीची लड उलगडते. वीस-पंचवीस तासांनी तो बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावायला हवा. नव्वद टक्के लोक हे करत नाहीत असं म्हटलं तर दुरुस्तीवाले नाही म्हणणार नाहीत. खांद्याला लटकवायच्या मशीनला सरळ, कडक शाफ्ट असतो. ताकद सगळी पात्यापर्यंत पोचते आणि सायकलच्या हँडलसारख्या मुठींमुळे पातं स्वतःच्या पायाकडे येऊ शकत नाही. सपाट रान, नेपियरचा (हत्ती गवताचा) प्लॉट, लसूणघास, यासाठी खांद्याचंच घ्यावं. पाठीवरचं मशीन दांडा मोकळा असल्यामुळे जास्त सावधपणे चालवावं लागतं; नवख्या माणसाच्या हाती तर ते देऊच नये.

पातं कुठलं, यावर सगळं

मशीनसोबत साधारणपणे तीन दातांचं पातं आणि नायलॉन दोरीचं डोकं येतं. वैरणीसाठी ही दोन्ही चुकीची आहेत, हे दुकानात कोणी सांगत नाही.

तीन दातांचं पातं जाड झुडपांसाठी. नेपियरच्या ठोंबाला ते लावलं की कापण्याऐवजी फोडतं. ठोंब उभा चिरतो, चिरेत पाणी मुरतं, कडेचे डोळे मरतात आणि दोन कापण्यांनंतर फुटवे विरळ दिसायला लागतात. नेपियरची जात फुले जयवंत असो की डीएचएन-6, कापणी धारेने व्हायला हवी, मारून नव्हे. त्यासाठी 255 मिमी व्यासाचं, कार्बाइडचे दात बसवलेलं 40 किंवा 80 दातांचं पातं वेगळं घ्या. जाड खोडाला 40, बारीक गवत आणि लसूणघासाला 80. आतलं भोक 25.4 मिमीचं हवं, नाहीतर पातं वॉशरवर थरथरत फिरतं. नेपियर जमिनीपासून चार ते सहा इंच, लसूणघास दोन-तीन इंच ठेवून कापायचा. त्याच्याही खाली गेलात तर वैरणीत माती येते आणि दातांची धार दोन दिवसांत जाते.

नायलॉन दोरीची गोष्ट अधिक गंभीर. दोरी फिरता फिरता झिजते, म्हणजे तिचे बारीक तुकडे गवतातच पडत जातात. ते गवत गव्हाणीत गेलं की तुकडे पोटात. रवंथ करणाऱ्या जनावराला ते पचत नाहीत, बाहेरही धड पडत नाहीत. शिवाय दोरीने गवत कापलं जात नाही, ठेचलं जातं. ढिगात दोन तासांत तापतं आणि वास मारायला लागतं. दोरी फक्त गोठ्याभोवती, वाटेवर, दगडी ताली आणि विहिरीच्या काठाला, जिथलं गवत जनावराला घालायचं नाही तिथेच वापरा. बांधावर जुनं तारेचं कुंपण असेल तर अजून एक धोका. पात्याने तोडलेला तारेचा इंचभर तुकडा वैरणीतून पोटात गेला की पोटाच्या 'जाळी' नावाच्या कप्प्यातून आरपार होत हृदयापर्यंत पोचू शकतो. कुंपणालगतचा हातभर पट्टा विळ्यानेच कापावा.

पात्याला चीर गेली असेल तर ते भंगारात. वेल्डिंग करून आणलेलं पातं पूर्ण फेऱ्यांवर फुटलं तर तुकडा कुठे जाईल याचा नेम नाही. स्वस्तात मिळणारं साखळ्यांचं डोकंही त्याच कारणासाठी घेऊ नका.

चालवण्याची पद्धत थोडक्यात. पातं वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून झोका उजवीकडून डावीकडे. कापलेलं गवत डाव्या हाताला ओळीत पडतं. पत्र्याचा भात कापणीचा आडोसा बसवला तर ओळ अधिक नीट पडते. पेंढ्या बांधायला तो उपयोगी, शे-दोनशे रुपयांसाठी सोडू नका. पात्याचा डावा भाग कापायचा. समोरचा उजवा कोपरा, म्हणजे घड्याळातले बारा ते तीन, दगडाला किंवा खुंटाला लागला की मशीन उजवीकडे फेकलं जातं. काम पूर्ण रेसवर. अर्ध्या रेसवर रेमटवलं तर क्लच घसरतो आणि जळतो. आजूबाजूला 15 मीटरच्या आत माणूस, पोर, वासरू नको. डोळ्याला चष्मा किंवा जाळी, पायात बूट. चपलेवर हे काम करणाऱ्यांचे पाय एकदा बघून घ्या.

वैरणीचा हिशोब

मोठ्या जनावराला दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवा चारा लागतो. तीन जनावरांचा साठ-पंचाहत्तर किलो झाला. उभ्या नेपियरमध्ये एवढं कापायला मशीनला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. ऐकायला हे छानच वाटतं, पण विळ्याने कापताना मूठ आपोआप हातात येते आणि पेंढी तिथेच होते. मशीनने कापलेलं गोळा करावं लागतं, आणि गोळा करायला कापण्यापेक्षा जास्त वेळ जातो. एकच गाय असेल तर विळा मशीनला हरवतो. तीन-चार जनावरांपासून पुढे मशीन परवडायला लागतं. दहा असतील तर ते नसणं परवडत नाही. टाकी साधारण 600 मिलीची असते आणि तासाभराच्या आसपास पुरते. भाऱ्याशेजारी पेट्रोल भरू नका. वैरणीवर सांडलेल्या पेट्रोलच्या वासाने म्हैस अख्खी गव्हाण सोडून देते.

बांधावरच्या गवताला मशीन लावण्याआधी एक फेरी चालत मारायला हवी. विळा धरलेला हात घाणेरीचा फांदोरा बाजूला सारतो, धोतरा वगळतो. मशीन सगळं एका पातीत पाडतं. पुढे त्याची कुट्टी झाली की जनावरालाही निवडून टाकता येत नाही. एरवी चघाळात राहिलं असतं ते बारीक होऊन पोटात जातं.

फेरीत बघायचं ते असं. घाणेरी: पानं सुकली तरी विष राहतं, खाल्लेल्या जनावराचे डोळे पिवळे होतात, पांढऱ्या कातडीवर ऊन लागून चट्टे उठतात, शेण बंद होतं. गाजर गवत: जनावर सहसा तोंड लावत नाही, पण कुट्टीत मिसळलं तर दूध कडवट होतं. तांदुळजा आणि काटेमाठ: उकिरड्याच्या कडेला किंवा युरिया पडलेल्या रानात पावसानंतर तरारून आले की त्यांत नायट्रेट साठतं. उपाशी जनावरापुढे याचाच भारा टाकू नये. वाळवूनही हा दोष जात नाही. आणि बरू. काळ्या रानाच्या बांधावर बरू वर्षानुवर्षं असतो, जुना असताना जनावरं खातातही, म्हणून कोणी दचकत नाही. पण मशीनने कापल्यावर आठ-दहा दिवसांत जे कोवळे, लुसलुशीत फुटवे येतात त्यांत कोवळ्या ज्वारीसारखंच सायनाइडचं विष असतं. पावसाने ओढ दिली असेल तर आणखी जास्त. किराळ लागली म्हणतात ती हीच. जनावराला धाप लागते, ते थरथरतं, आडवं पडतं, आणि पशुवैद्यकाला फार थोडा वेळ मिळतो. बरूच्या कापलेल्या बांधावर जनावर महिनाभर तरी मोकळं सोडू नका. नीट वाळवलेल्या बरूचा धोका मात्र बराच उतरतो.

तणाच्या बाबतीत

मशीन कापतं, काढत नाही. एवढं ध्यानात ठेवलं तर अपेक्षाभंग होत नाही.

हराळी आणि लव्हाळा यांचा जीव जमिनीखाली. हराळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी तशाच राहतात. वरून कापणं म्हणजे त्यांची हजामत. पंधरा दिवसांत रान पुन्हा हिरवं. मे महिन्यात खोल नांगरून कांड्या वेचून उन्हात टाकणं, हेच अजूनही कामाचं.

गाजर गवत फुलावर असताना कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं आणि आता ते जमिनीलगतच फुलतं, जिथे पातं पोचत नाही. एका झाडाला हजारो बिया, पाच ते पंचवीस हजारांपर्यंत. त्यामुळे कापायचं तर फुलण्याआधी, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. पाऊस पडून गेल्यावर हातमोजे घालून मुळासकट उपटणं सगळ्यात चांगलं. लांबलचक पड असेल तेव्हाच मशीन. पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल, डोळ्याला चष्मा, कारण पात्याने उडालेला रस आणि परागकण अंगावर बसले की खाज रात्रभर जात नाही आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. पानांची चाळण झालेली दिसली तर थांबा. पट्ट्यांचे मेक्सिकन भुंगे लागले आहेत, ते 1984 पासून आपल्याकडे हेच काम करताहेत. त्यांचं खाणं कापून टाकू नका.

मशीन खरोखर कामाला येतं ते उंच वाढणाऱ्या वार्षिक तणांवर: कुरडू, आघाडा, टाकळा, रानातला माठ. तुरा धरला पण बी पिकलं नाही, हा आठवडा पकडायचा. आंबा, चिकू, सीताफळाच्या ओळींमध्ये हे कापून तिथेच पसरलं तर आच्छादन होतं. बी धरलेलं तण मात्र ना गव्हाणीत, ना थेट शेणखतात. बऱ्याच तणांचं बी जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर येतं आणि न तापलेल्या उकिरड्यातूनही. पुढच्या वर्षी खतासोबत तेच बी आपण रानभर पेरतो. खड्डा भरून, ओला ठेवून, दोन-तीनदा उलथून, आत हात घालवणार नाही इतका तापू दिला तरच बी मरतं.

बागेत दोन गोष्टी सांभाळा. ठिबकची 16 मिमीची नळी गवतात दिसत नाही, आणि नायलॉन दोरी ती अशी कापते की मशीनचा आवाजही बदलत नाही. कळतं ते दुसऱ्या दिवशी, चिखल झाल्यावर. कापणीआधी नळ्या उचलून झाडाच्या बुंध्याकडे किंवा खुंटीवर घ्या, आणि एक पाच मिनिटं पाणी सोडून बघा. दुसरं, रोपाचा बुंधा. दोन-तीन वर्षांच्या रोपाची साल दोरीच्या एका फटक्याने गोल निघते. झाड लगेच मरत नाही, म्हणून कारण कळत नाही. बुंध्याभोवती दीड हाताचं आळं हातानेच साफ करायचं.

राहिलं वीडरचं, म्हणजे तण काढायचं, जोडणं. 'फाइव्ह इन वन' म्हणून दांड्याच्या टोकाला फिरणाऱ्या लोखंडी पंजांचं डोकं देतात. भुसभुशीत, वापशावरच्या हलक्या रानात, भाजीच्या वाफ्यात दोन इंच माती हलवतं, बस. काळ्या ओल्या रानात पंजांना चिखलाचा लाडू होतो. कडक रानात मशीन उड्या मारतं, क्लच तापतो, वास येतो. हराळीच्या रानात तर हे विकतचं दुखणं, कारण पंजे कांड्यांचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा फुटतो. या जोडण्याचे पैसे चांगल्या दोन पात्यांत घाला. बाकी बांधावरचा पाला आणि झुडपं खायला शेळीसारखं यंत्र अजून निघालेलं नाही. फक्त तिला दावं लांब द्या आणि घाणेरीपासून दूर बांधा.

देखभाल, आणि घेताना काय बघायचं

पहिलं ऑइल दहा तासांनी, नंतर दर 50 तासांनी बदला. 100 मिलीचा खर्च आहे, त्यात काटकसर कसली. एअर फिल्टरचा स्पंज दर आठ-दहा तासांनी साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, दोन थेंब ऑइल चोळून बसवा. ओला बसवला की मशीन गुदमरतं. प्लगचं अंतर 0.6 ते 0.7 मिमी. टोकाच्या गिअर डोक्यात ग्रीस दर वीस-पंचवीस तासांनी; डोकं हाताला चटका देत असेल तर ग्रीस संपलेलं आहे. रेस सोडल्यावरही पातं फिरत राहतं का? एकतर आयडल जास्त आहे, नाहीतर क्लचची स्प्रिंग तुटली आहे. तसं मशीन वापरू नका.

हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. इथेनॉलचं पेट्रोल ओल धरतं. चार महिने कार्बोरेटरमध्ये बसलं की पडदे कडक होतात, आणि जूनमध्ये 'मशीन चालूच होत नाही' म्हणून दुरुस्तीच्या दुकानात रांग लागते ती यामुळेच.

महाडीबीटीवर अनुदानाला अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नका, आधीचं बिल चालत नाही. मॉडेल मान्य यादीत आहे का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारूनच दुकानात जा. दुकानात मशीन थंड चालू करून दाखवतातच. तुम्ही दहा मिनिटं चालवायला लावा, बंद करा आणि गरम असतानाच पुन्हा दोरी ओढा. गरम मशीन तीन ओढींत चालू झालं तर कार्बोरेटर नीट आहे. मग क्लच स्प्रिंग, स्टार्टरची दोरी, प्लग आणि शाफ्ट या चार वस्तू त्याच दुकानात फळीवर आहेत का, ते डोळ्यांनी बघा. 'मागवून देतो' म्हणजे ऐन पावसात तीन आठवडे. आणि निघण्याआधी पातं स्वतःच्या हाताने एकदा काढून बसवा. नट उलट्या आट्यांचा असतो, उजवीकडे फिरवल्यावर सुटतो. डोक्याच्या भोकात घालायची सळई आणि पाना खोक्यात नसेल तर तिथेच मागून घ्या.